कातडीखालचं तेल

परळच्या ओपीडीत असा रुग्ण बहुधा एकटाच येतो. केसपेपरवर ‘सूज’ एवढंच लिहिलेलं. पडदा ओढून तपासलं की बोटांना कळतं. शिश्नाची कातडी एरवी चिमटीत अलगद उचलली जाते, सरकते. इथे ती जागची हलत नाही, खाली लाकडासारखा टणक थर. आकार वाढावा म्हणून कुणी खोबरेल तेल टोचून घेतलेलं असतं, कुणी व्हॅसलिन, कुणी सिलिकॉन. ‘का केलंस?’ हे मी विचारत नाही. काय टोचलं, कधी, किती, हे विचारतो. शस्त्रक्रियेला तेवढंच लागतं, आणि माणूस बोलायला लागतो.

ही वाट डॉक्टरांनीच पाडली. १८९९ साली व्हिएन्नाच्या गेर्सुनी यांनी वृषणं काढावी लागलेल्या तरुणाच्या वृषणकोशात आकारासाठी व्हॅसलिन भरलं. व्हॅसलिनसारखं खनिज तेल शरीराला पचवता येत नाही. पेशी त्याला घेरतात, भोवती तंतू विणतात; कधी कित्येक वर्षांनी कातडी फुटून वाहू लागते. औषधाने ते विरघळत नाही.

म्हणून काढायचं तर सगळं. हात आखडता घेतला तर उरलेलं तेल पुन्हा चिघळतं. पण खाली बक्स फेशियाचा पातळ पडदा असतो आणि संवेदनेच्या नसा त्याच्याखाली. तो शाबूत ठेवून वरचा थर तसूतसूने सोडवायचा. कातडी पुरत नसेल तर वृषणकोशाची वळवून घ्यायची, नाहीतर मांडीची लावायची. मांडीची लावताना शिश्नाच्या टोकाजवळची चांगली दिसणारी कातडीही बहुधा काढावी लागते, कारण लसिका वाहून नेणाऱ्या वाटा तुटल्याने ती नंतर सुजून राहते. शिकाऊ डॉक्टरांना हे जिवावर येतं. मलाही चांगली कातडी टाकताना वाईट वाटतं, पण टाकतो.

गोष्ट शस्त्रक्रियेपर्यंत जाऊ नये, तर आधी उत्तरं मिळायला हवीत. र. धों. कर्व्यांवर १९३४ साली ‘समाजस्वास्थ्य’ मासिकातून वाचकांच्या लैंगिक प्रश्नांना उत्तरं दिल्याबद्दल खटला चालला, डॉ. आंबेडकर त्यांचे वकील होते. माझ्या रुग्णांना असं उत्तर वेळेवर मिळालं असतं, तर कितीतरी जण सुईपर्यंत गेलेच नसते. आकार नॉर्मल आहे, एवढंच कुणीतरी सांगायचं होतं.

पट्टी सुटली की बहुतेकांचा प्रश्न एकच: “डॉक्टर, बायकोला काय सांगू?” मी म्हणतो, खरं सांगा. जमत नसेल तर दोघं मिळून या, मी समजावून सांगतो. काहीजण खरंच जोडीने येतात. मग दाराजवळची आणखी एक खुर्ची ओढून घेतो आणि कागदावर आकृती काढून पहिल्यापासून सुरुवात करतो.