सुटकेनंतरचं बिल

इंग्लंडमध्ये फौजदारी खटल्यातून निर्दोष सुटलेल्याला सरकार वकिलाचा खर्च देतं, हे 2012 पर्यंत बऱ्याच अंशी खरं होतं. त्या वर्षीच्या कायद्याने ही भरपाई लीगल एडच्या, म्हणजे सरकारी कायदेशीर मदतीच्या, दरांपुरती आवळली. क्राउन कोर्टात तर आधी लीगल एड मागून नकार मिळालेला असावा लागतो. स्वतःच्या पैशाने वकील केला असेल, तर बिलाचा मोठा भाग अंगावरच पडतो.

नायजेल एव्हन्स हाउस ऑफ कॉमन्सचे उपसभापती होते. 2014 मध्ये प्रेस्टनच्या कोर्टात ते सर्व आरोपांतून सुटले, पण सुमारे 1,30,000 पौंड वकिलांवर गेले होते. हा खर्च सरकारतर्फे खटले चालवणाऱ्या क्राउन प्रॉसिक्यूशन सर्व्हिसने द्यावा, असं त्यांनी जाहीरपणे म्हटलं. मला ती मागणी रास्त वाटते.

एक वाट उरते: 1985च्या प्रॉसिक्यूशन ऑफ ऑफेन्सेस ॲक्टचं कलम 19. एका पक्षाने विनाकारण किंवा गैर रीतीने काही केलं, किंवा करायचं ते केलं नाही, आणि त्यापायी दुसऱ्याला भुर्दंड पडला, तर कोर्ट तो पहिल्याकडून वसूल करू शकतं. पैसे सरकारच्या सामायिक निधीतून जात नाहीत. चूक करणाऱ्याच्याच खिशातून जातात. वकिलाच्या स्वतःच्या हलगर्जीपणासाठी कलम 19अ वेगळं आहे.

कलम 19 लागू व्हायला कट किंवा खोटेपणा सिद्ध करावा लागत नाही. काम नीट केलं असतं तर ही चूक झालीच नसती, एवढं पुरे, असं 1991 मध्ये डेनिंग प्रकरणात ठरलं. पण 2016 मध्ये मेडस्टोन आणि टनब्रिज वेल्सच्या एनएचएस ट्रस्टवरचा सदोष मनुष्यवधाचा खटला कोसळल्यावर न्यायमूर्ती कोल्सन यांनी खर्चाचा अर्ज फेटाळला. खटला हरणं म्हणजे गैरवर्तन नव्हे, असे आदेश अपवादानेच द्यावेत, ही त्यांची भूमिका. पहिलं मला पटतं. दुसरं पटत नाही. ज्या चुका रोजच्या, त्यांवरचा उपाय अपवादाचा कसा?

वेल्समधल्या उघड्या कोळसा खाणींचं प्रकरण मुद्दाम वाचावं. खाणीची जमीन पूर्ववत करण्याची जबाबदारी कागदोपत्री ब्रिटिश व्हर्जिन आयलंड्समधल्या कंपन्यांकडे सरकवली, असा आरोप होता. मोठ्या आर्थिक घोटाळ्यांचे खटले चालवणाऱ्या सीरियस फ्रॉड ऑफिसने खटला भरला, त्यात वकीलही आरोपी होते. न्यायमूर्ती हिकिनबॉटम यांनी 2014 मध्ये आरोप रद्द केले: सांगितलेली हकीकत खरी धरली तरी गुन्हा होत नव्हता. ऑफिसने दुसऱ्या वाटेने पुन्हा खटला उभा करू पाहिला, तोही अडला. 2015 मध्ये कलम 19 खाली आरोपींच्या खर्चाचा बोजा याच ऑफिसवर पडला. कायद्याचा पायाच वेळेत तपासला असता, तर ही वेळ आली नसती.

मोठ्या खटल्यांच्या बातम्या होतात. मॅजिस्ट्रेट कोर्टातलं नुकसान कोणी मोजत नाही. साक्षीदार रजा टाकून आलेला, वकिलाची दिवसाची फी चढलेली, आणि सरकारी पक्षाने सीसीटीव्हीचं फुटेज अजून दिलेलंच नाही. मग पुढची तारीख. त्या एका दिवसाचा खर्चही कलम 19 खाली मागता येतो. खटल्याचा निकाल लागेपर्यंत थांबावं लागत नाही.

म्हणून आरोपीच्या वकिलांनी अशा वेळी गप्प बसू नये. त्याच दिवशी, त्याच कोर्टापुढे, वाया गेलेल्या खर्चाचा आकडा लिहून अर्ज द्यावा.