इंग्रजी दुसरीचें एक वर्ष

आजच्या मुलांस 'इंग्रजी दुसरी' म्हणजे काय, हें समजावून सांगावें लागतें. मराठी चार इयत्ता झाल्या म्हणजे मुलगा इंग्रजी पहिलींत जाई आणि सातवीच्या अखेरीस मॅट्रिकला बसे. म्हणजे आमची दुसरी ही आजच्या हिशेबानें सहावी होय. या खालच्या वर्गांना शाळेंत फारसें कोणी विचारीत नसे. शाळेचा लौकिक मॅट्रिकच्या निकालावर ठरे, हेडमास्तर वरच्या वर्गांवर शिकवीत, नवीं बाकें प्रथम तिकडे जात आणि तिकडचीं मोडकीं आमच्याकडे येत. अशा एका मागच्या खोलींत आम्ही १९४७ च्या जूनपासून १९४८ च्या एप्रिलपर्यंत बसलों. त्या वर्षांतील दोन तारखा सर्व देशास पाठ आहेत, तिसरी निदान जुन्या मिरजकरांस. त्या तारखा आमच्या खोलींत कशा शिरल्या, तें मात्र कोठें लिहिलेलें नाहीं. आणि त्या खोलींतील मंडळी आतां फार थोडी उरली आहे.

मिरज तेव्हां पटवर्धनांच्या थोरल्या पातीची राजधानी होती. धाकट्या पातीचें ठाणें जवळच बुधगांवास. गांव बेताचें, पण वर्गांत मुलें नाना तऱ्हेचीं. संस्थानी कारकुनांचीं होतीं; रेल्वेच्या नोकरांचीं, घरीं कानडी किंवा तेलुगु बोलणारीं होतीं; डॉ. वानलेस यांनीं १८९४ सालीं उघडलेल्या मिशन इस्पितळांतल्या मंडळींचीं होतीं. सतारी करणाऱ्या घरचा एक मुलगा होता. त्याच्या बोटांना लाखेचा वास येई, आणि त्याच्या घरीं पंढरपूर-मंगळवेढ्याकडून आणलेले मोठाले भोपळे रचून ठेवलेले असत. गाण्याची तर गांवाला संवयच होती. अब्दुल करीमखां १९३७ सालीं वारले. त्यांची कबर मीरासाहेबांच्या दर्ग्याच्या आवारांत आहे. उरुसांत तेथें गवई रात्र रात्र हजेरी लावीत, आणि उरूस हिजरी पंचांगानें फिरत असल्यामुळें तो परीक्षेच्या आठवड्यांत येऊं नये, एवढीच आमच्या वडीलधाऱ्यांची देवाजवळ मागणी असे.

आमच्या शेजारीं बाकावर बसे तो कृष्णाकांठच्या एका खेड्यांतील भिक्षुकाचा मुलगा. तो वार लावून जेवीत असे, आणि मंगळवार आमच्या घरचा होता. आमच्या पंगतीला रोज वीस-बावीस पानें. मंगळवारीं एक अधिक. आजी त्याला तूप वाढतांना पळी किंचित् कलती धरी. एकदां आम्ही त्याबद्दल कुरकूर केली, तेव्हां 'त्याची आई इथें आहे का रे?' एवढेंच ती म्हणाली. शनिवारीं सकाळची शाळा सुटली कीं तो गांवीं जाई आणि सोमवारीं पहांटे निघून प्रार्थनेच्या घंटेला हजर होई. उशीर झाल्याचें आम्हांस एकदांहि आठवत नाहीं.

अभ्यास म्हणाल तर तर्खडकरांची भाषांतर पाठमाला हेंच आमचें मुख्य दैवत. टांक दौतींत बुडवून तिच्यांतलीं वाक्यें इकडून तिकडे आणि तिकडून इकडे करावयाचीं; शाईचे डाग सदऱ्यावर, आणि त्याबद्दल घरीं वेगळी शिक्षा. (पुढें मुंबई सरकारनें पांचवी ते सातवी या इयत्तांतून इंग्रजी काढून टाकलें; आमच्या धाकट्या भावंडांस तर्खडकर भेटले ते उशिरा. त्यांत त्यांचें नुकसान झालें, असें आमचें मत आहे. तीं भावंडें तें मान्य करीत नाहींत.) गणितांत आण्या-पैंच्या जोडीला पौंड, शिलिंग आणि पेन्स. एक शिलिंगही कोणी डोळ्यांनीं पाहिला नव्हता, पण त्यांचें व्याज आम्ही काढीत असूं.

इतिहासाचा तास मात्र खरोखर चांगला होई. वासुदेवशास्त्री खरे यांनीं मिरजेच्या हायस्कुलांत वर्षानुवर्षे संस्कृत शिकविलें, आणि शाळेबाहेरच्या वेळांत पटवर्धनांच्या दप्तरांतील कागद वाचून 'ऐतिहासिक लेखसंग्रह' सिद्ध केला. ते १९२४ सालीं निवर्तले, तेव्हां आम्ही त्यांना पाहिलें असण्याचा प्रश्नच नाहीं. पण आमचे वर्गशिक्षक त्यांच्या हाताखालीं शिकलेले होते. तारीख सांगण्यापूर्वीं ती कोणत्या कागदावरून समजली, हें सांगण्याची त्यांना खोड होती. वरच्या वर्गांना याचा कंटाळा येई असें ऐकतों. आम्हांला तें गुप्त पोलिसांच्या गोष्टीसारखें वाटे.

त्या वर्षी श्रावण अधिक होता, आणि १५ ऑगस्टचा शुक्रवार नेमका त्यांत पडला. अधिक मासांत मंगल कार्य करीत नाहींत, म्हणून आमच्या घरांतील बायकांत आदले दिवशीं बरीच चर्चा झाली. शेवटीं गोड करावयाचें, पण त्याला सण म्हणावयाचें नाहीं, असा तोडगा निघाला. रेशनच्या साखरेंतून शिरा झाला. शाळेंत झेंडा, गाणीं आणि प्रत्येकास एक एक पेढा. परत वर्गांत आल्यावर कोणीतरी विचारलें, "सर, देश स्वतंत्र झाला, मग आपले राजेसाहेब आतां कोण?" सरांनीं क्षणभर विचार केला आणि म्हणाले, "तो धडा अजून छापावयाचा आहे." पुढील आठवड्यांत गणिताचा तास पूर्ववत् पौंड-शिलिंगांतच झाला.

गणपति सप्टेंबरांत बराच उशिरा आले, दिवाळी नोव्हेंबरांत. सहामाहींत आम्ही भूगोलांत कसेबसे तरलों. या महिन्यांविषयीं अधिक सांगण्यासारखें कांहीं नाहीं.

३० जानेवारीच्या शुक्रवारीं संध्याकाळीं दिवेलागणीच्या सुमारास दिल्लीची बातमी रेडिओवरून गांवांत पसरली. त्या रात्रीं घरांत कोणी जेवलें नाहीं. दुसऱ्या दिवशीं शाळा भरली नाहीं. आमचा शेजारी पहाटेसच आपल्या गांवीं निघून गेला होता. गांधीजी गेले तर घरीं जावें, एवढेंच त्याला सुचलें असावें. मारेकरी ब्राह्मण असल्याचें कळलें होतें, आणि पुढले कित्येक दिवस साताऱ्याकडे, सांगली-कोल्हापुराकडे, खेडोपाडीं ब्राह्मणांचीं घरें जळत होतीं. माळवदावर गेलें कीं क्षितिजावर धूर दिसे. आम्हां मुलांना वर जाण्याची बंदी झाली. मोठीं माणसें जाऊन येत आणि कांहीं बोलत नसत.

मंगळवारीं, ३ फेब्रुवारीस, आजीनें त्याचें पान मांडलें. पंगत उठली तरी तें तसेंच होतें. पुढल्या मंगळवारींहि मांडलें. त्यानंतर वडिलांना कोणाकडून तरी समजलें: घर जळालें होतें, पोथ्यांसकट, माणसें सुखरूप होतीं. गांवच्या पाटलानें त्यांना दोन रात्री आपल्या कडब्याच्या खोलींत ठेवलें आणि तिसऱ्या रात्रीं स्वतः गाडी जुंपून स्टेशनवर पोंचविलें. तेथून तीं पुण्यास नातलगांकडे गेलीं. घर जाळणारेंहि त्याच गांवचे होते कीं बाहेरून आलेले, हें आम्हांस शेवटपर्यंत कळलें नाहीं.

शाळा पुन्हा भरली तेव्हां वर्गांत पांच-सहा जागा रिकाम्या होत्या. कांहीं मुलें एकमेकांकडे पाहीनाशीं झालीं होतीं. सरांनीं कोणास कांहीं विचारलें नाहीं, उपदेशहि केला नाहीं. सर्वांना पूर्वीच्याच जागीं बसविलें आणि हजेरी घेतली. शाळा सोडल्याचा दाखला अजून कोणी मागितला नव्हता, आणि पटावरचें नांव तसेंच होतें. त्यामुळें आमच्या शेजाऱ्याचें नांव सर रोज पुकारीत, उत्तराची वाट पाहत आणि मग गैरहजेरी मांडीत. दुसऱ्या एखाद्या शिक्षकानें तें नांव हलकेच ओलांडलें असतें. सरांनीं फेब्रुवारी आणि मार्च असे दोन्ही महिने तें पूर्ण, वडिलांच्या नांवासह पुकारलें. ज्या मुलांनीं आमच्याशीं बोलणें टाकलें होतें, त्यांनाहि तें रोज ऐकावें लागे. एके दिवशीं सतारवाल्यांच्या मुलानें मधल्या सुटींत आम्हांला विचारलें, "तो परत येणार आहे का? त्याची पाठमाला बाकांतच आहे." त्या महिन्यांत त्याच्याविषयीं वर्गांत उघडपणें निघालेला हा पहिलाच शब्द.

८ मार्च १९४८ रोजीं मिरज संस्थान मुंबई प्रांतांत विलीन झालें. तो सोमवार होता. छापावयाचा राहिलेला धडा अशा रीतीनें आला, पण खोलींत त्याचा गाजावाजा झाला नाहीं. फेब्रुवारीनंतर कशाचेंच फारसें आश्चर्य वाटेनासें झालें होतें. पुढें १९४९ सालीं आम्ही दक्षिण सातारा जिल्ह्यांत गेलों आणि १९६० सालीं त्याच जिल्ह्याचें नांव सांगली झालें.

एप्रिलांत पुण्याहून दाखल्यासाठीं अर्ज आला. सरांनीं आम्हांला बरोबर घेऊन कचेरींत नेलें. छापील दाखल्यावर 'संस्थान मिरज' असें होतें. कारकुनानें 'संस्थान' हा शब्द लाल शाईनें खोडला आणि त्याजागीं काय लिहावयाचें तें ठाऊक नसल्यामुळें जागा कोरीच ठेवली. 'वर्तणूक' या शब्दापुढें 'उत्तम' असें सरांनीं स्वतःच्या हातानें लिहिलें. पाठमाला, टांक आणि दाखला असें एक पुडकें बांधून आजोबांनीं तें पुण्यास रवाना केलें. पंधरा दिवसांनीं कार्ड आलें. नव्या शाळेनें त्याला परीक्षेशिवाय तिसरींत घेतलें होतें, एका बाकावर चौघे बसत, आणि मंगळवार अजून कोठें लागलेला नव्हता.