रिटायर्ड जोंगा

आमच्या हॉस्टेलच्या पार्किंगमध्ये मिलिटरीचं प्रेम नुसतं उतू जातं. एका बुलेटच्या टाकीवर कॅमोफ्लाजचं स्टिकर आहे, एका अ‍ॅक्टिव्हाच्या तोंडावर पांढरा तारा आहे आणि मेकॅनिकलच्या एका सिनियरच्या खटाऱ्यावर तर चक्क ‘आर्मी’ असं लिहिलंय. घरात सैन्यात कोण आहे, असं विचारलं तर म्हणाला, "मावशीचे शेजारी!"

हसू नका. मागच्या मे महिन्यापर्यंत मीही त्यातलीच होते. उलट चार पावलं पुढंच.

तर झालं असं की, माझ्या मामानं जोंगा घेतली.

जोंगा म्हणजे जीप नव्हे, हे आधीच सांगून टाकते, नाहीतर आबा रागावतील. आबा म्हणजे माझ्या आईचे वडील. मराठा लाइट इन्फंट्रीच्या एका पलटणीत ड्रायव्हर होते, आता सातारा जिल्ह्यातल्या आमच्या गावी असतात. जोंगा हे नाव ‘जबलपूर ऑर्डनन्स अँड गन कॅरेज असेंब्ली’ या शब्दांच्या आद्याक्षरांवरून आलंय. मूळ गाडी जपानच्या निसानची, पेट्रोल पी-60. तिच्या परवान्यावर जबलपूरच्या व्हेईकल फॅक्टरीनं 1969 पासून 1999 पर्यंत ही गाडी आपल्या सैन्यासाठी बनवली. (वरचं ‘पेट्रोल’ हे गस्त या अर्थाचं, इंधन नव्हे. पण इंधनही पेट्रोलच, आणि तेही भरपूर!) इंजिन सहा सिलिंडरचं, 3956 सीसी, 110 हॉर्सपॉवर. आबांच्या भाषेत, "डोंगर चढायची, पण टाकी पिऊन."

सैन्यात काम संपलेल्या गाड्यांचा लिलाव होतो. तिथून त्या आपल्यासारख्यांच्या हाती येतात, त्यालाच आपल्याकडे ‘डिस्पोजलची गाडी’ म्हणतात. ही पद्धत जुनीच आहे. दुसऱ्या महायुद्धानंतर मागे राहिलेल्या विलीज जीपा अशाच गावोगाव गेल्या. ती गाडी इथल्या रस्त्यांना इतकी मानवली की महिंद्रांनी 1947 साली तिचे सुटे भाग आणून मुंबईत जोडणी सुरू केली. आमची जोंगा डिस्पोजलमधून आधी एका ऊस बागायतदाराकडे गेली होती. त्यांनी पेट्रोल परवडेना म्हणून डिझेल इंजिन बसवलं, तशी नोंद आर.सी. बुकात करून घेतली आणि गाडीला लालभडक रंग दिला. मामानं घेतली तेव्हा ती फायर ब्रिगेडच्या लहान बहिणीसारखी दिसत होती.

सुट्टीत मी गावी गेले तेव्हा रंग खरवडायचं काम निघालं होतं. मेकॅनिकलची विद्यार्थिनी म्हटल्यावर पॉलिश पेपर माझ्याच हातात आला. वर्कशॉपच्या जर्नलमध्ये लिहितो तसं लिहायचं तर: प्रथम लाल रंग निघाला, मग लांबी, मग रेड ऑक्साइड, आणि त्याखाली... हिरवा! तो विशिष्ट मळकट हिरवा. ऑलिव्ह ग्रीन. पुढच्या बंपरवर हात फिरवता फिरवता पांढरं काहीतरी दिसायला लागलं. आधी एक उभी रेघ, मग तिच्यावर टोक. बाण!

मी ओरडलेच. मामा धावत आला. तासाभरात पूर्ण नंबर उघडा पडला. वर जाणारा बाण, मग गाडी सैन्यात आली त्या वर्षाचे दोन आकडे, मग अक्षर, मग क्रमांक, आणि शेवटी गाडीचा वर्ग सांगणारं अक्षर. डाव्या मडगार्डवर एका चौकोनात पुसट आकडा होता. चाकांच्या वर ‘टीपी’ आणि पुढं टायरमधल्या हवेचा आकडा. चाळीस वर्षांपूर्वी कुणीतरी ब्रशनं लिहिलेलं अक्षर माझ्या बोटाखाली होतं. अंगावर काटा आला, खोटं कशाला सांगू?

आबा ओट्यावरून बघत होते. मी विचारलं, "आबा, या चौकोनातल्या आकड्याचा अर्थ काय?"

"युनिटची खूण."

"पण कुठल्या युनिटची?"

"ते तुला कशापायी पायजे?" म्हणाले आणि तंबाखू मळायला लागले.

मी आणि मामानं तिथल्या तिथं ठरवून टाकलं. लाल नको, काळा नको, गाडी जशी सैन्यात होती तशीच करायची. तोच हिरवा, तोच बाण, तोच नंबर. मामाचा पुरावा तयारच होता: "धोनीचे 2019 मधले फोटो बघ, रांचीत सैन्यातली जुनी निसानची गाडी चालवतोय!" आबा शांतपणे म्हणाले, "त्यो टेरिटोरियल आर्मीत मानद लेफ्टनंट कर्नल हाय. तू कोण?"

मामा गप्प.

दुसऱ्या दिवशी डेंटरकडे न्यायला म्हणून गाडी बाहेर काढली. अर्धी हिरवी, अर्धी लाल, बंपरवर बाण चमकतोय. एमएच-अकराची पाटी बंपरखाली तारेनं बांधलेली होती, पण माणसाची नजर आधी बाणावर जाते. मामा चालवत होता, शेजारी मी, मागं आबा. फाट्यावर पोलिसांनी गाड्या बाजूला घेतल्या होत्या. आम्हाला मात्र हातानं ‘जाऊ द्या’ केलं. मामानं सीट बेल्टही लावला नव्हता! आम्ही दोघं एकमेकांकडे बघून हसलो. खरं सांगते, मस्त वाटलं. आपण कुणीतरी आहोत असं वाटलं.

पुढच्या स्टॉपवर एक मुलगा उभा होता. माझ्याच वयाचा असेल. बारीक कापलेले केस, पायाशी काळी ट्रंक, वर होल्डॉल. गाडी बघितली तसा तो ताठ झाला, टाचा जुळवल्या आणि म्हणाला, "जय हिंद, साब!"

मामानं ब्रेक मारला. त्या मुलाला लिफ्ट हवी होती, रजा संपवून निघाला होता. ट्रंक चढवता चढवता त्यानं अगदी अदबीनं विचारलं, "साहेब, कुठलं युनिट?"

आयुष्यात इतक्या व्हायव्हा दिल्या, पण अशी दातखीळ कधी बसली नव्हती. मामा स्टिअरिंगकडे बघतोय, मी खिडकीबाहेर. शेवटी मागून आबा म्हणाले, "मी रिटायर्ड. गाडी रिटायर्ड. ही दोघं भरती झालेली न्हाईत. बस बाळा तू."

तो मुलगा हसला. वाईट हसला नाही, पण त्याचे खांदे सैल झाले ते मला दिसलं. बस स्टँडपर्यंत तो फक्त आबांशीच बोलत होता.

रात्री मी आबांशी वाद घातला. कॉन्व्हेंटमध्ये शिकल्याचा एक तोटा म्हणजे, वाद इंग्रजीतून नेटवर शोधून आणता येतो. त्यांना मोबाईलवर नॉर्मंडीचे फोटो दाखवले. 6 जून 1944 ला फ्रान्सच्या त्या किनाऱ्यावर दोस्त राष्ट्रांच्या फौजा उतरल्या. आजही दर जूनमध्ये साधी, नागरी माणसं आपापल्या जुन्या जीपा घेऊन तिथं जमतात, आणि गाड्यांवर सगळ्या मूळ खुणा असतात. बॉनेटवर पांढरा तारा, बाजूला नोंदणी क्रमांक. जुने फोटो भिंगाखाली धरून लोक या खुणा शोधतात. क्रमांकाच्या शेवटी ‘एस’ असेल तर त्या गाडीच्या इग्निशनमुळे रेडिओत खरखर येऊ नये अशी सोय केलेली आहे, इतकं बारीक! "त्यांना चालतं, मग आपल्याला का नाही?" मी म्हटलं.

आबांनी फोटो नीट बघितले. त्यांना आवडले. मग म्हणाले, "ती लढाई संपली की गं. आपला बाण अजून डूटीवर हाय."

त्यावर मला उत्तर सुचलं नाही. मग मीच शोधलं तर केंद्रीय मोटार वाहन नियम, 1989 मधला नियम 121 सापडला. संरक्षण खात्याच्या गाड्या सोडून कुठल्याही मोटारीला ऑलिव्ह ग्रीन रंग देता येत नाही. म्हणजे बाणाचं सोडाच, आमचा रंगसुद्धा बेकायदा ठरला असता. नियम वाचून दाखवल्यावर मामा म्हणाला, "उगाच काहीतरी नियम करतात." मला मात्र 13 डिसेंबर 2001 आठवला. तेव्हा माझा जन्मही झाला नव्हता, पण आपण सगळ्यांनी वाचलंय. संसदेवर हल्ला करणारे पांढऱ्या अ‍ॅम्बेसिडरमधून आत शिरले. गाडीवर लाल दिवा होता आणि गृह खात्याचं खोटं स्टिकर. त्या दिवशी नऊ जणांचा जीव गेला. आम्हाला फाट्यावर ‘जाऊ द्या’ करणारा तो हात मला परत दिसला. आता काही मस्त वाटलं नाही.

मग आबांनी एक गोष्ट सांगितली. 1971 चा डिसेंबर. आबा एकवीस वर्षांचे, पश्चिम सीमेवर. रात्री कॉन्व्हॉय निघायचा तेव्हा हेडलाइट बंद. काळोख असा की स्वतःचा हात दिसायचा नाही. ट्रकच्या मागच्या बाजूला, खाली, डिफरन्शियलचा गोळा पांढरा रंगवलेला असतो आणि त्याच्यावर बारीक दिवा सोडलेला असतो. वरून विमानाला काही दिसत नाही, फक्त मागून येणाऱ्या ड्रायव्हरला तेवढा पांढरा ठिपका दिसतो. रस्ता बघायचा नाही, ठिपका बघायचा. ठिपका वळला की आपण वळायचं.

"रातभर मी त्या ठिपक्यामागं गेलो," आबा म्हणाले. "पुढचा कोण, मला ठाव नव्हतं. पण ठिपका हाय म्हंजे पुढं आपला माणूस हाय, त्याला वाट ठाव हाय, एवढं पुरं व्हतं. आता मला सांग पोरी, तुझ्या गाडीवर बाण बघून कुणी मागं आलं, तर त्याला तू कुठं नेणार?"

इतकी वर्षं मी या खुणांना डिझाइन समजत होते. हॉस्टेलच्या पार्किंगमधल्या सगळ्यांसारखीच. पण त्या स्टॉपवरच्या मुलानं आमच्या जोंगाला सलाम केला नव्हता. बाणामागे जे कुणी असायला हवं होतं, त्याला केला होता. आणि तिथं आम्ही बसलो होतो.

आम्ही नंबरचे फोटो काढून ठेवले, अगदी जवळून, ब्रशचे फटकारे दिसतील असे. डॅशबोर्डवरची जबलपूर कारखान्याची पत्र्याची पाटी घासूनपुसून तशीच ठेवली. तिनं रस्त्यावर कुणाचीच फसवणूक होत नाही. मग बाणावर प्रायमर मारायची वेळ आली तेव्हा मामानं स्प्रे गन माझ्याकडे दिली आणि मी आबांकडे. आबांनी एक मिनिटसुद्धा लावला नाही. मला वाटलं होतं त्यांचे डोळे वगैरे भरून येतील, पण ते म्हणाले, "हवा कमी कर, रंग ओघळतोय." गाडी आता राखाडी आहे.

रंग वाळल्यावर मात्र ते बारीक ब्रश मागायला लागले. चाकाच्या वर ‘टीपी’ लिहायचं होतं! मी म्हटलं, "आता हे कसं चालतं?"

"ही खूण कुणाला काय सांगती? टायरात हवा किती. ते आजबी खरं हाय." पण जुना आकडा त्यांनी लिहू दिला नाही, कारण टायर आता वेगळे आहेत. मला टायरच्या कंपनीचं पत्रक काढून बघायला लावलं, गेजनं हवा मोजायला लावली आणि मगच चारी चाकांवर आकडे घातले. अक्षर थोडं थरथरलंय, पण वाचता येतं.

जूनमध्ये मामा आणि आबा मला हॉस्टेलला सोडायला त्याच गाडीनं आले. गेटवर आपले सिक्युरिटी काका होते. ते फौजेतून आलेत हे आपल्याला त्यांच्या शिट्टीवरून माहीतच आहे. त्यांनी रजिस्टरमध्ये एमएच-अकराचा नंबर लिहिला, नेहमीसारखं डिकीत काय आहे ते बघितलं, मामाला सीट बेल्टवरून झापलं. मग गाडीला एक चक्कर मारली. पुढच्या चाकापाशी थांबून ‘टीपी’कडे बघितलं आणि खिडकीतून आत वाकून आबांना विचारलं, "काका, कुठली पलटण?"

आबांनी सांगितली. मग मी तिसऱ्या मजल्यावर सामान चढवून तीनदा खाली आले, तरी दोघं गेटवर बोलतच होते.