दारू सोडवायची पूड

गेल्या महिन्यात एका गावी बोंडअळीची सभा आटोपून मी मोटारसायकल सुरू करीत होतो, तोच एक ताई जवळ आल्या. इकडेतिकडे पाहून हळूच म्हणाल्या, "साहेब, दारू सोडवायची पूड कुठं मिळती? कालवणात घातली तर माणसाला कळत बी नाही म्हणं."

मी शेतकी पदवीधर, डॉक्टर नव्हे. पण मला माझे थोरले भाऊ आठवले आणि मी गाडी बंद केली.

दादा वीस वर्षे रोज पीत. एका आषाढीला त्यांनी तुळशीची माळ घातली आणि त्याच दिवशी दारू एकदम बंद केली. घरात आनंदीआनंद झाला. पण रात्री हात थरथरू लागले, दरदरून घाम सुटला. दुसऱ्या रात्री त्यांना भिंतीवर किडे दिसू लागले. बाहेरची बाधा समजून आम्ही अंगारा लावला. पहाटे झटका आला, तेव्हा कोठे ग्रामीण रुग्णालय गाठले.

डॉक्टर म्हणाले, "रोज भरपूर पिणाऱ्याने एकाएकी दारू तोडली की असे होऊ शकते. उपचार न मिळाल्यास माणूस दगावतोही." त्यांनी आठ दिवस ठेवून घेतले, गोळ्या आणि ब-१ जीवनसत्त्वाची इंजेक्शने दिली. अशा माणसाच्या अंगात हे जीवनसत्त्व बहुधा कमी पडते.

घरगुती उपाय त्यानंतर सुरू झाला, तो वहिनींचा. दादांची प्यायची वेळ दिवेलागणीची. त्याआधीच वहिनी भाकरी, मटकीची उसळ आणि ताक असे ताट वाढीत. पोट रिकामे असले की ओढ जास्त लागते. जेवण झाले की मी किंवा पुतण्या त्यांना मळ्याकडे घेऊन जाई. बाजारच्या दिवशी ते एकटे जात नसत. उसाचे बिल वहिनींच्या हाती द्यायचे दादांनीच कबूल केले. तरीही दोनदा पाय घसरला. वहिनी भांडल्या नाहीत. सकाळी दवाखान्यात घेऊन गेल्या. आज नऊ वर्षे झाली.

पुडीचे मात्र नाव नको. दारू सोडवण्याच्या काही औषधांवर दारू प्यायली तर उलट्या होतात, छाती धडधडते, जिवावरही बेतते. म्हणून डॉक्टर ती रोग्याला सांगूनच देतात. पुडीत काय आहे हे तर विकणाराही सांगत नाही. डब्यावरची चिठ्ठी वाचल्याशिवाय आपण कपाशीवर फवारणी करीत नाही. मग घरच्या माणसाच्या ताटात काय घालतो, हे पाहायला नको का?

पुण्याचे मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्र १९८६ पासून हे काम करीत आहे. १४४१६ या सरकारी टेलिमानस क्रमांकावर मराठीत फुकट सल्ला मिळतो. तो क्रमांक मी ताईंना सभेच्या पत्रकामागे लिहून दिला आणि म्हटले, "आधी मालकांना घेऊन दवाखान्यात जा. ताटाचे काम त्यानंतर तुमचेच आहे."