दप्तरी शेरा

निवाऱ्यात दाखल झालेल्या कुत्र्याच्या नावापुढे पहिल्याच दिवशी जो शेरा मारला जातो, तो पुढे खोडून काढणे हे त्या कुत्र्याला पट्ट्याने नीट चालावयास शिकविण्यापेक्षा कितीतरी अधिक दुष्कर आहे, असे या व्यवसायात उमेदीची वर्षे घालविल्यावर माझे मत बनले आहे. ‘चावरा’ असे एकदा दप्तरात चढले की त्या शब्दाला निकालपत्राचे वजन येते, दत्तक घेण्यास आलेले कुटुंब पुढच्या गाळ्याकडे वळते, आणि ज्याची कैफियत कोणी ऐकलीच नाही असा तो प्राणी तेथेच खितपत पडतो.

वस्तुतः त्या पहिल्या दिवसांतील वर्तनाची साक्ष ग्राह्यच धरू नये. अमेरिकेत ओहायो राज्यातील मायकेल हेनेसी प्रभृती संशोधकांनी १९९७ साली दाखवून दिले की निवाऱ्यातील पहिले तीन दिवस कुत्र्याच्या रक्तातील कॉर्टिसोल हे ताणाचे संप्रेरक घरातल्या कुत्र्याच्या मानाने पुष्कळच चढलेले असते. अशा अवस्थेत त्याच्या ताटलीत काठीला लावलेला कृत्रिम हात घालून तो गुरगुरतो की काय हे पाहणाऱ्या चाचण्या त्याचा स्वभाव मोजतात की आपल्या कोठडीचा परिणाम? आमच्या नोंदवहीतून स्वभावाचा रकानाच मी काढून टाकविला; समोर कोण होते, किती वाजले होते आणि कुत्र्याने काय केले, एवढेच लिहिण्याचा शिरस्ता घातला. नवे सेवक कुरकुरतात. एका शब्दात भागत असता चार ओळी कोण लिहितो!

गाळ्यांसमोरून माणूस गेला की जो कोलाहल उठतो, आणि जो बंदिस्त जागेत शंभर डेसिबलचीही मर्यादा ओलांडतो, त्यावर ‘गप्प बसेल त्यालाच खाऊ’ हा उपाय न्याय्य वाटतो खरा. परंतु त्यासाठी नेमका क्षण पकडणारे कसब लागते, आणि एका हातात खराटा व दुसऱ्यात बादली घेतलेल्या सेवकाकडून त्याची अपेक्षा करणे अन्यायाचे आहे. त्यापेक्षा कुत्रे भुंको अगर न भुंको, येता-जाता प्रत्येक गाळ्यात एकेक तुकडा टाकावा, ही तजवीज मला अधिक व्यवहार्य वाटते. अलेक्झांड्रा प्रोटोपोपोव्हा व क्लाइव्ह विन यांनी दोन्ही रीती ताडून पाहिल्या, तेव्हा ही बिनशर्त रीतही गुणकारी ठरली. भुंकण्यालाच बक्षीस मिळते, हा व्यवस्थापक मंडळींचा आक्षेप दिसावयास बिनतोड असला तरी पाव्हलोव्हचे प्रयोग त्याचे खंडन करतात: माणसाची चाहूल हीच अन्नाची वर्दी झाली की आधी भय ओसरते, आणि भयापोटी उठणारे भुंकणे आपसूकच मंदावते.

१८३२ साली भटकी कुत्री मारण्याच्या सरकारी हुकुमाविरुद्ध मुंबईचा पारशी समाज रस्त्यावर उतरला, आणि दोनच वर्षांनी तेथे पांजरपोळ उभी राहिली. प्राण्याच्या अन्नपाण्याचा बंदोबस्त आपल्याकडे असा जुना आहे, मात्र त्याच्या झोपेचा व कंटाळ्याचा विचार अगदी अलीकडचा. गल्लीतल्या निरोगी कुत्र्याचा प्रश्न त्या मानाने सोपा: २०२३ च्या नियमांप्रमाणे निर्बीजीकरण व लसीकरण करून त्याला मूळ जागी सोडावयाचे असते, आणि मोकळ्या हवेत वाढलेल्या त्या जिवावर प्रशिक्षणाचे प्रयोग करण्यापेक्षा त्याचा मुक्काम आटोपता घेणे श्रेयस्कर. खरी कसोटी लागते ती धन्याने टाकून दिलेल्या लॅब्रॅडॉरसारख्या घरकोंबड्या जिवाची.

अशा कुत्र्याला एक-दोन रात्री कोणाच्या तरी घरी पाठवावे. परतल्यावर त्याचा ताण पुन्हा पूर्वपदावर येतो, हे अमेरिकेतील निवाऱ्यांत मोजून झालेले आहे, आणि तेवढ्यावरून काही कार्यकर्ते या खटाटोपाला निरर्थक ठरवितात. मला त्या रात्रींचे मोल निराळ्या कारणाने वाटते. कुकरच्या शिट्टीने तो पलंगाखाली दडतो की नुसते कान टवकारतो, जिना चढताना अडतो काय, घरात एकटा ठेवल्यास दार ओरबाडतो काय, हे आमच्या अंगणात कितीही दिवस निरीक्षण केले तरी कळत नाही; आणि दत्तक घेण्यास आलेली माणसे नेमके तेच विचारतात.