आंबोलीच्या वाटेवरची जनावरे

वाचकहो, आषाढात कधी आजऱ्याकडून एस. टी.ने आंबोलीस गेला आहात काय? नसाल तर एकदा अवश्य जा. आजरा मागे पडले की हिरण्यकेशीच्या काठचा ऊस, मग भाताची खाचरे, मग काजू आणि रान, असे करीत गाडी वर चढते. आंबोली समुद्रसपाटीपासून सुमारे 690 मीटर उंच. वर्षाकाठी येथे सात हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस कोसळतो. पुढे सावंतवाडीच्या अंगाला घाट उतरतो. तेथे कड्यांवरचे पाणी थेट रस्त्याशी येते आणि शनिवार-रविवारी ते पाहायला मोटारींची रीघ लागते.

धबधब्यांची ही आंबोली पुष्कळांनी पाहिली आहे. आज आपण रात्रीची आंबोली पाहू. दिवेलागण झाली, पाऊस जरा उघडला, की पायात गमबूट चढवा, हाती बॅटरी घ्या आणि रस्त्याच्या कडेने शंभर पावले चाला. बेडकांच्या ओरडण्याने कान किटतील. कडेच्या फांदीवर चापडा वेटोळे घालून बेडकाची वाट पाहत निश्चल बसलेला दिसेल. तो विषारी आहे, दुरूनच पाहा. आणि मग बॅटरीचा झोत डांबरावर टाका. चाकाखाली चपटा झालेला बेडूक दिसेल. थोडे पुढे, सुतळीचा तुकडा वाटावा असे काहीतरी. ती सुतळी नसते.

तो बहुधा खापरखवल्या असतो. हा बिनविषारी साप जन्मभर जमिनीत राहतो आणि गांडुळे खातो. त्याचे शेपूट तिरके कापल्यासारखे बोथट असते, म्हणून काही लोक त्याला दुतोंड्या समजतात. मुसळधार पावसात बिळे पाण्याने भरली की तो वर येतो आणि समोर डांबर लागते. ही जात अंडी घालीत नाही, पिलांनाच जन्म देते. म्हणजे गाभण मादी चाकाखाली आली तर पिलेही तिच्याबरोबर गेली.

तुम्ही म्हणाल, गाडी येताना दिसते, मग साप पळत का नाही? त्याला कारणे आहेत. साप सरपटतो तो मातीच्या, दगडाच्या, गवताच्या उंचवट्यांना अंग रेटून. गुळगुळीत डांबरावर त्याला हा आधार मिळत नाही. हरणटोळासारख्या सापाची तर संकटात रीतच वेगळी. हिरव्या पानांत हिरवा होऊन काडीसारखे स्तब्ध राहायचे. झाडावर ही युक्ती घारीपासून वाचवते, रस्त्यावर तीच त्याचा जीव घेते. आणि पावसाळा सरून थंडी पडू लागली की आणखी एक कारण येते. सापाचे, सरड्याचे, घोरपडीचे अंग आपल्यासारखे आपोआप ऊबदार राहत नाही. डांबर दिवसभराचे ऊन धरून ठेवते. सांजेला रान गार पडले की ते जनावर ऊब घ्यायला रस्त्यावर येते आणि तेथेच पडून राहते.

हे आंबोलीचे झाले. आता आपल्या शिवाराकडे या. आपल्याकडेही डांबरी सडक गावाला लागून गेली आहे. ती हवीच. तिच्यामुळे भाजी बाजाराला जाते, अडलेली बाळंतीण दवाखान्यात पोचते. परंतु त्याच सडकेवर आपण सोयाबीन, ज्वारी वाळत घालतो. दाणे सांडतात, दाण्यांवर उंदीर येतात, उंदरांमागे धामण येते. धामण गाईचे दूध पिते, हरणटोळ टाळू फोडतो, हे सारे खोटे. धामण बिनविषारी आहे आणि उंदरामागे त्याच्या बिळात शिरते, जेथे मांजर जाऊ शकत नाही. सडकेवर एक धामण मेली की आपल्या कणगीचा एक राखणदार गेला.

सापाची भीती अनाठायी आहे असे मात्र कोणी म्हणू नये. 2000 ते 2019 या वीस वर्षांत आपल्या देशात सर्पदंशाने वर्षाला सरासरी 58 हजार माणसे दगावली, असा अभ्यासकांचा अंदाज आहे. त्यांत बहुतेक आपल्यासारखीच खेड्यातली. म्हणून रस्त्यावर साप दिसला तर खाली उतरून त्याला काठीने हुसकू नका. गाडी थांबवा, त्याला जाऊ द्या. मेलेला दिसला तरी हात लावू नका, कारण विषारी सापाचे डोके मेल्यावरही काही वेळ चावू शकते. आणि मुद्दाम चाक घालणे तर कधीच नको. 1972 च्या वन्यजीव कायद्याने सापांना संरक्षण दिले आहे.

उत्तराखंडात काळाढुंगी ते नैनिताल या रस्त्यावर वनखात्याने 2020 साली सरपटणाऱ्या व लहान जनावरांसाठी रस्त्यावरून 90 फूट लांबीचा पूल बांधला. तोही बांबू, ताग आणि गवताचा! आपल्या गावाला एवढेही नको. आपल्या रस्त्याखाली पाणी जाण्यासाठी मोऱ्या आहेतच. पाणी ओसरले की त्यांतूनच जनावरे पलीकडे जाऊ शकतात. पण त्या गाळाने आणि प्लास्टिकने तुंबलेल्या असतात. मृगाआधी चार जणांनी फावडी घेऊन त्या मोकळ्या केल्या, तर शेतात पाणी तुंबणार नाही आणि जनावरालाही वाट मिळेल. धान्य खळ्यावर किंवा अंगणात ताडपत्रीवर वाळवावे. ट्रॅक्टरचे दिवे नीट असावेत आणि दिवस मावळल्यावर रानातून जाताना वेग आवरावा.

माय-बहिणी सांजेला दिवा लावून "लांबडं निघायची वेळ झाली, जपून जा" असे घरच्यांना बजावतात. यापुढे जो गाडी घेऊन निघेल त्यालाही तेच बजावा. मात्र या वेळी त्याच्यासाठी आणि लांबड्यासाठीही.