पायऱ्या नसलेला मनोरा

सेवियाला पोचलो त्या संध्याकाळी सात वाजता आम्ही उपाशी होतो आणि गावातली स्वयंपाकघरं बंद. "ओचो इ मेदिया," एका दारातल्या पोऱ्याने घड्याळावर बोट ठेवून सांगितलं. म्हणजे साडेआठ. आमच्याकडे साडेआठला ओटा पुसून झालेला असतो! दुपारचं जेवण दोननंतर, रात्रीचं नऊच्या पुढे, हे लेकीने बजावलं होतं. पण पोटाला कोण सांगणार?

वेळ काढायला फिरत राहिलो. रस्त्याच्या कडेने संत्र्याची झाडं, फळं लगडलेली, आणि कुणी हात लावत नाही. ह्यांनी खाली पडलेलं एक उचललं, सोललं, फोड तोंडात टाकली आणि असं काही तोंड केलं की मी भर रस्त्यात हसत सुटले. ही कडू जात, मार्मालेडची.

हसणं थांबलं तसं ह्यांनी विचारलं, "आपलं हॉटेल कुठल्या गल्लीत गं?"

दहा मिनिटांपूर्वी तर बाहेर पडलो होतो. वर्षभर असं अधूनमधून होतंय. एस.टी.चं वेळापत्रक तोंडपाठ असलेल्या ह्याच माणसाने मला अख्खा महाराष्ट्र दाखवला. आता नकाशा माझ्या पर्समध्ये असतो. या वयात कशाला एवढ्या लांब, असं नातेवाईक म्हणत होते. त्यांना तेव्हा खरं कारण सांगितलं नाही, आज सांगते.

असो. साडेआठला 'एल रिंकोन्सियो'त शिरलो. हे दुकान १६७० सालचं, म्हणजे शिवाजी महाराजांच्या राज्याभिषेकाच्याही चार वर्षं आधीचं. छताला डुकराच्या तंगड्या टांगलेल्या. मी मान वर करायची नाही असं ठरवलं. पण तिथला मोठा पदार्थ निघाला पालक आणि काबुली चणे! जिऱ्या-लसणाचा वास, आणि दाटपणासाठी तळलेला पाव वाटून लावलेला, आपण पालकाच्या पातळ भाजीला बेसन लावतो तसा. दोन बशा संपवल्या. गिऱ्हाइकाचा हिशोब लाकडी फळीवर खडूने मांडतात. जन्म खडूत गेलेल्या बाईला आणखी काय हवं?

दुसऱ्या दिवशी कॅथेड्रल. कोलंबस मी किती वर्षं शिकवला, पण त्याची शवपेटी चार राजदूतांच्या खांद्यांवर अशी अधांतरी असेल ही कल्पना नव्हती. कास्तिया, लेऑन, आरागॉन, नावारा, या चार राज्यांचे ते. १८९८ मध्ये क्यूबा स्पेनच्या हातून गेला, तेव्हा हवानाहून त्याची हाडं इकडे आणली. मेल्यावरही समुद्रप्रवास सुटला नाही बिचाऱ्याचा.

शेजारीच हिराल्दा मनोरा. बाराव्या शतकात मशिदीचा मिनार म्हणून बांधलेला, पुढे वर घंटा चढवल्या. उंची शंभर मीटरवर. ह्यांचे गुडघे बघून मी "खालूनच पाहू" म्हणणार होते, पण आत पायऱ्याच नाहीत! बांग देणाऱ्याला घोड्यावरून वर जाता यावं म्हणून चढणी केल्या म्हणतात. भिंतीत प्रत्येक चढणीचा आकडा. हे मोठ्याने मोजत निघाले. अकरा... बारा... मध्ये बसायचं, पाणी प्यायचं. विसाव्या चढणीला मी दमले तर म्हणाले, "चल, अजून पंधरा." वजाबाकी अगदी बरोबर. मी तोंड फिरवून खिडकीबाहेर बघत बसले जरा वेळ.

शेवटी थोड्या पायऱ्या लागल्याच. वर वारा, डोक्यावर घंटा, खाली संत्र्यांचं अंगण, पलीकडे ग्वादालकिवीर नदी. ह्यांनी कठड्याला टेकून सगळीकडे पाहून घेतलं.

"आपलं हॉटेल कुठल्या बाजूला?"

मी बेधडक हात केला. नकाशा पर्समध्ये होता, आणि खरं तर मलाही ठाऊक नव्हतं.

"हां, दिसलं," हे म्हणाले.